नवा कॅमेरा येणार आहे म्हणे

लग्नसराई आटोपून पाऊस लागला की आमच्या मूर्तिजापुरातल्या फोटोग्राफर मंडळींचे हात रिकामे होतात. मग अल्बमची राहिलेली कामं, अडकलेल्या पैशांसाठी फोन आणि नव्या कॅमेऱ्याच्या गोष्टी सुरू होतात. अमुक कंपनीचा फुल-फ्रेम मिररलेस दिवाळीआधी येतोय म्हणे. जुन्या लेन्स त्याला लागतील म्हणे. नाही लागणार म्हणे. या ‘म्हणे’चा कर्ता कोण, असं वर्गात विचारलं तर मुलं गप्प बसतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

माझ्याकडे हे ‘म्हणे’ भाच्यामार्फत येतं. तो लग्नाचे फोटो काढतो. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकला, कॅमेरा मात्र वडिलांच्या हाताखाली शिकला. नव्या कॅमेऱ्यांच्या खबरा असतात इंग्रजीत, म्हणून तो त्या मला पाठवतो आणि खाली आवाजातला निरोप जोडतो, “मामू, जरा पढ के बताओ ना. अभी लूं, के रुकूं?”

घेऊ की थांबू, हा प्रश्न बऱ्याच लोकांच्या दृष्टीने हौसेचा असेल. त्याच्या घरात तो दोन वर्षांच्या कमाईचा आहे. कॅमेऱ्याचे पैसे भिशीतून उभे राहतात. व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही हे त्याने लग्नाआधीच ठरवलेलं आहे, त्यामुळे ‘आज घ्या, हप्त्याने फेडा’ ही दुकानाच्या काचेवरची पाटी त्याच्यासाठी नाहीच. जो रोखीने घेतो त्याला एकदाच घेता येतं. निवड चुकली तर दोन सीझन त्याच चुकीच्या वस्तूवर काढावे लागतात. खबरा लिहिणारे मात्र असं धरून चालतात की वाचणारा आज हा घेईल आणि वर्षभराने विकून दुसरा घेईल. लेन्स जुळण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यांचाच असतो, ज्यांना दोनदा घेणं परवडत नाही.

त्याच्याकडे आज काय आहे ते सांगतो. निकॉनचा डी ७५० हा फुल-फ्रेम डीएसएलआर, त्यावरची २४-७० ची जाड झूम, एक ५० मिलिमीटरची आणि एक ८५ मिलिमीटरची. शेवटची ८५ त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या दुल्हेभाईंची. रोलच्या जमान्यात घेतलेली. दुल्हेभाईंचा छोटा स्टुडिओ होता. हजचा फॉर्म, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, सगळ्यांचे फोटो तिथे निघत. फोटो जायज की नाजायज यावर उलेमांत मतभेद आहेत हे त्यांना ठाऊक होतं. कोणी वाद घालायला आलं की ते शांतपणे पासपोर्टचा फोटो कापत राहायचे. ते गेले, स्टुडिओ बंद झाला, पण ती लेन्स अजून दर लग्नात नवरा-नवरीचे चेहरे टिपते. त्यामुळे ‘जुन्या लेन्स चालतील का’ हे विचारताना भाच्याचा आवाज थोडा बदलतो, ते माझ्या कानाला कळतं.

आता मूळ गोष्ट. फुल-फ्रेम म्हणजे ज्याचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर रोलच्या एका चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, तो कॅमेरा. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये एक आरसा असतो. तो प्रकाश वर फेकतो म्हणून आपल्याला डोळ्याच्या खिडकीतून दिसतं. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, खटक् असा आवाज येतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. आरशाला हलायला जागा लागते, म्हणून लेन्स जिथे बसते ते कडं सेन्सरपासून लांब ठेवावं लागतं. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, कॅननच्या ईएफमध्ये ४४. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ आणता येते. सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिलिमीटर, कॅननच्या आरएफमध्ये २०, निकॉनच्या झेडमध्ये फक्त १६.

लेन्स जुळण्याचं निम्मं कोडं या आकड्यांतच सुटतं. जुनी लेन्स ४६.५ मिलिमीटरवरून चित्र उमटवण्यासाठी बनलेली आहे. नव्या कॅमेऱ्यात १६ मिलिमीटर आहेत. मधले ३०.५ मिलिमीटर एका पोकळ नळीने भरून काढले की लेन्स आपल्या जागी आली. या नळीचं नाव अडॅप्टर. उलट मात्र जमत नाही. १६ मिलिमीटरसाठी बनलेली लेन्स ४६.५ च्या कॅमेऱ्यावर लावायची तर ती कॅमेऱ्याच्या पोटात घुसवावी लागेल. म्हणून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर जाते, नवी लेन्स जुन्यावर जात नाही. हे एक वाक्य पाठ असलं तर निम्म्या अफवा वाचायचीही गरज उरत नाही.

मूर्तिजापूरच्या माणसाला हे समजवायला खरं तर कॅमेरा लागतच नाही. आपलं स्टेशन आहे. मुंबई-नागपूरची मोठी लाइन १६७६ मिलिमीटरची आणि तिला इथे येऊन मिळणारी आपली शकुंतला ७६२ मिलिमीटरची. एक फाटा अचलपूरला, दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला. इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने वऱ्हाडातला कापूस काढण्यासाठी ही अरुंद लाइन टाकली. अरुंद लाइन टाकायला स्वस्त पडते. पण तिचा डबा मोठ्या लाइनवर जाऊ शकत नव्हता. गाठी मूर्तिजापूरला उतरायच्या, हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीत चढायच्या आणि मग मुंबईकडे निघायच्या. माणसंही तशीच, पोतीबोचकी घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं, आणि आता दोन्ही फाट्यांवर गाडी बंद आहे. रूळ रुंद करा ही मागणी तेवढी चालू आहे.

भाच्याला मी म्हटलं, “बेटा, अडॅप्टर म्हणजे आपलं स्टेशन. माल पोचतो, पण उतरवून चढवावा लागतो. त्यात वेळ जातो, आणि काही गोष्टी चढतच नाहीत.” तो हसला, पण मुद्दा त्याच्या ध्यानात आला.

रूळ बदलायचे की जुनेच चालवायचे, हा प्रश्न कॅमेरा कंपन्यांपुढे आधीही आला होता. निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट आणला आणि तो धरून ठेवला. मधे ऑटोफोकस आला, रोल जाऊन सेन्सर आला, कडं तेच राहिलं. त्या निष्ठेची किंमतही होती. कड्याचं तोंड ४४ मिलिमीटरचं अरुंद, त्यामुळे लेन्स बनवणाऱ्या अभियंत्यांचे हात बांधलेले. कॅननने उलटा रस्ता धरला. १९८७ मध्ये जुना एफडी माउंट सरळ सोडला आणि ५४ मिलिमीटर तोंडाचा ईएफ आणला. एफडीचं अंतर ४२ आणि ईएफचं ४४, म्हणजे साध्या नळीलाही जागा नाही. ज्यांच्या कपाटात एफडी लेन्स होत्या त्यांना नव्या बॉडीसोबत सगळं नव्याने घ्यावं लागलं. ती माणसं किती चिडली असतील याची कल्पना मी करू शकतो. पण पुढची तीस वर्षं तोच ईएफ जगभरातल्या लग्नांत आणि क्रिकेटच्या मैदानांवर राज्य करून गेला.

या गोष्टीचा शेवट मला फार आवडतो. १९८७ मध्ये बेकार ठरलेल्या त्या एफडी लेन्स आज कोणत्याही मिररलेसवर साध्या, स्वस्त नळीने बसतात, कारण मिररलेसचं अंतर बेचाळीसपेक्षा पुष्कळ कमी आहे. फोकस हाताने करावा लागतो, पण काच तीच आणि चित्रही तसंच. कपाटात पडलेली वस्तू टाकून देऊ नये म्हणतात ते यासाठी.

२०१८ चा उन्हाळा मला चांगला आठवतो. सोनीचे फुल-फ्रेम मिररलेस २०१३ पासून बाजारात होते आणि त्या वर्षी फेब्रुवारीत आलेल्या ए ७ थ्रीने लग्नवाल्यांना हलवून सोडलं होतं. निकॉन आणि कॅनन येणार हे नक्की झालं होतं, पण माउंट कोणता हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काही म्हणत, जुनंच कडं ठेवतील, इतक्या गिऱ्हाइकांना नाराज कोण करील? तसं करता येतं. पेंटॅक्सने २०१२ मध्ये के-०१ हा मिररलेस जुन्याच कड्यावर काढला होता. पण आरसा काढूनही आरशाची जागा तशीच राहिली आणि कॅमेरा जाडच्या जाड झाला. शेवटी २३ ऑगस्टला निकॉनने झेड ७ आणि झेड ६ जाहीर केले, नव्या ५५ मिलिमीटरच्या तोंडासह. ५ सप्टेंबरला कॅननने ईओएस आर आणला, तोही नव्या कड्यासह. त्याच महिन्यात लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी एल माउंटसाठी हात मिळवले. दीड महिन्यात रूळ बदलले. दोघांनीही सोबत अडॅप्टर दिला, हे मात्र १९८७ पेक्षा शहाणपणाचं झालं.

त्यानंतर बॉडी येतच आहेत. झेड ६ नंतर २०२० मध्ये झेड ६ टू, २०२४ मध्ये झेड ६ थ्री. सोनीचा ए ७ फोर २०२१ मध्ये, ए ७ फाइव्ह २०२५ च्या डिसेंबरात. कॅननचा आर ६ २०२० मध्ये, त्याचा दुसरा अवतार २०२२ मध्ये, तिसरा २०२५ मध्ये. दोन ते चार वर्षांनी नवा. पण कडं एकाचंही बदललेलं नाही. म्हणून मी भाच्याला सांगतो, पुढची बॉडी कोणती येणार ही खबर आपल्या कामाची नाही. ती येणारच आहे, आणि ती आली की तिच्या पुढचीची चर्चा सुरू होणार आहे. आपल्या कामाचं फक्त कडं.

राहिला प्रश्न खबरांचा. आपल्याकडे मुहद्दिस लोक एखादी रिवायत आली की आधी सनद विचारायचे. तू कोणाकडून ऐकलंस, त्याने कोणाकडून, तो माणूस विश्वासाचा होता का, ते दोघे एकमेकांना भेटले तरी होते का. हा नियम कॅमेऱ्याच्या खबरांना लावून पाहा. दहा व्हिडिओवाले तेच सांगतात म्हणून खबर पक्की वाटते. सनद शोधली की दहाही जण एकाच वेबसाइटवर जाऊन पोचतात, आणि ती वेबसाइट लिहिते की ‘आम्हाला कोणीतरी कळवलं’. म्हणजे रावी दहा नाहीत, एकच आहे, आणि त्याचंही नाव माहीत नाही. काही खबरा पेटंटवरून येतात. पेटंट म्हणजे वस्तू नव्हे. कंपन्या अशी कितीतरी पेटंट घेतात ज्यांची वस्तू कधीच निघत नाही. आणि काही खबरा निव्वळ इच्छा असतात, खबरेचा कुर्ता घालून आलेल्या.

अशीच एक इच्छा दुल्हेभाईंच्या ८५ शी जोडलेली आहे. त्या जातीच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. मोटर कॅमेऱ्यात असते आणि एका बारीक स्क्रूने ती लेन्स फिरवते. डी ७५० मध्ये ही मोटर आहे. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये नाही, आणि २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतही नाही. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे त्या अडॅप्टरवर व्यवस्थित ऑटोफोकस करतात, स्क्रूवाल्या करत नाहीत. हाताने फिरवा, मिळेल. ‘मोटरवाला अडॅप्टर येतोय’ ही खबर मी इतक्या वेळा वाचून दाखवली आहे की आता भाचा तिचं पहिलं वाक्य ऐकूनच पुढे जा म्हणतो.

सगळंच अफवा असतं असं नाही. डीएसएलआरचा जमाना उतरणीला लागला हे उघड आहे. कॅननच्या प्रमुखांनी २०२१ च्या अखेरीस जपानी वृत्तपत्राला सांगितलं होतं की त्यांचा १डी एक्स मार्क थ्री हा त्या वरच्या श्रेणीतला शेवटचा डीएसएलआर. या खबरेला सनद आहे. पण दुकानात नवीन येणार नाही म्हणून हातातला बंद पडत नाही. डी ७५० उद्याही तेवढेच फोटो काढील.

मग मिररलेस हवा कशाला? याचं उत्तर भाच्यापेक्षा भाचीने चांगलं दिलं. ती गेली काही वर्षं भावासोबत काम करते, जनाना बाजू सांभाळते. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत आता आधीच विचारतात की बायकांकडे बाई फोटोग्राफर आहे ना? असेल तर ऑर्डर पक्की. त्या घरांतल्या आजी, खाला, फुफ्या, ज्यांचे एकही धड फोटो कुठे नसत, त्या आता अल्बममध्ये दिसतात. तिच्या गळ्यात चार-पाच तास भाड्याने घेतलेला डीएसएलआर असतो. ती म्हणाली, “मामू, नया-पुराना मुझे नहीं मालूम. वजन कम होना, और आवाज नहीं होना.”

वजन आपण कागदावर मांडून पाहिलं. डी ७५० बॅटरी-कार्डाशिवाय ७५० ग्रॅम, त्यावरची २४-७० एफ २.८ ची लेन्स ९०० ग्रॅम. एकूण १,६५० ग्रॅम. झेड ६ टू ६१५ ग्रॅम. हलका वाटला ना? पण जुनी लेन्स लावायला १३५ ग्रॅमचा एफटीझेड जोडला की बेरीज बरोबर ७५०. एक ग्रॅमही वाचला नाही. अडॅप्टरचं हे गणित जाहिरातीत नसतं. वजन वाचतं ते नव्या कड्याच्या लहान लेन्समुळे. झेडची २४-७० एफ ४ लेन्स ५०० ग्रॅमची आहे, म्हणजे सगळं मिळून १,११५. अर्धा किलोहून जास्त फरक. त्या बदल्यात प्रकाश निम्मा मिळतो, एफ २.८ आणि एफ ४ मध्ये तेवढा फरक पडतोच. पण सेन्सर हादरे सांभाळतो, आणि जनाना बाजूला दिवे असतात.

आवाजाचं म्हणाल तर निकाहचा खुतबा चालू असताना खटक् खटक् ऐकून काझीसाहेबांनी मान वर केली की फोटोग्राफरचा जीव खाली जातो. मिररलेसमध्ये आरसा नाही, आणि इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर कॅमेरा अगदी मुका होतो. यातही एक खोच आहे. मांडवातले एलईडी दिवे डोळ्याला न दिसता लुकलुकत असतात, आणि मुक्या शटरमध्ये त्यांचे पट्टे फोटोवर उमटू शकतात. म्हणून पाहुणे येण्याआधी हॉलमध्ये दोन-चार फोटो काढून बघायचे आणि पट्टे दिसले तर आवाजाचं शटर लावायचं. हे कोणत्याही खबरेत लिहिलेलं नसतं, वापरणारे एकमेकांना सांगतात.

इब्न अल-हैसमची आठवण मला अशा वेळी येते. दहाव्या-अकराव्या शतकात बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहिलेला हा माणूस अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणारा प्रकाश तपासत बसायचा. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो हे त्याने ‘किताब अल-मनाझिर’मध्ये मांडलं, आणि मोठ्या लोकांनी सांगितलेलंही स्वतः तपासल्याशिवाय मान्य केलं नाही. आपण कमरा म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि कॅमेरा हा त्याचाच भाऊ, मूळ अर्थ खोली. उर्दूत लेन्सला अदसा म्हणतात, अरबीत अदस म्हणजे मसूर. इंग्रजीतला लेन्सही लॅटिनमधल्या मसुरीवरूनच आला. दोन भाषांनी वेगवेगळ्या चुलीवर एकच डाळ शिजवली. मराठीने भिंग हा आपला शब्द ठेवला आणि लेन्सलाही जागा दिली. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

तर शेवटी काय ठरलं? भाच्याला स्वतःसाठी नवा कॅमेरा हवा होता. वजनाचा कागद समोर आल्यावर त्याने स्वतःच सांगितलं की पहिला बहिणीसाठी घेऊ. नवा येतोय या गडबडीत लोक मागचा विकतात आणि मागच्याचा भाव उतरतो. अफवेचा एवढाच फायदा आपल्याला घेता येतो, तो घेतला. जुन्या बाजारातून झेड ६ टू, त्यासोबत २४-७० एफ ४ आणि एफटीझेड. पहिला झेड ६ आणखी स्वस्त मिळत होता, पण त्यात कार्डाची जागा एकच आहे. लग्न परत होत नाही. कार्ड बिघडलं तर त्या घराला काय तोंड दाखवणार? दोन कार्डांवर एकदम फोटो उतरलेले बरे.

डी ७५० भाच्याकडेच राहिला. त्याच्या मोटरवाल्या लेन्स गरज पडली की अडॅप्टर लावून बहिणीच्या कॅमेऱ्यावर जातात. उलट जात नाहीत, म्हणून पुढची लेन्स घ्यायची वेळ आली की दोघांनी बसून ठरवायचं, असं मी सांगून ठेवलं आहे. घरात दोन्ही प्रकारच्या बॉडी आहेत तोवर जुन्या कड्याची चांगली लेन्स दोघांच्या कामी येते, नव्या कड्याची एकाच्याच. हे आणखी तीन-चार वर्षं खरं राहील, मग हिशेब पुन्हा मांडू. दुल्हेभाईंची ८५ डी ७५० वर आहे, तिथे तिचा फोकस अजून स्वतः फिरतो.

तुमच्यापैकी कोणी याच विचारात असेल तर चार गोष्टी कागदावर लिहा. आपल्या लेन्स कोणत्या कड्याच्या आहेत, त्यांच्यात मोटर आहे का, कॅमेरा किती तास कोणाच्या गळ्यात असणार, आणि पैसे एकदाच आहेत की पुन्हा येणार आहेत. मग एखाद्या दुकानातून ती बॉडी एका लग्नापुरती भाड्याने घ्या आणि आपली लेन्स लावून पाहा. भाड्याला जे पैसे जातील त्यात शंभर व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल.

काल रात्री भाच्याचा पुन्हा निरोप आला. कुठल्याशा नव्या मॉडेलची खबर होती. मी विचारलं, सनद? त्याने हसणारा चेहरा पाठवला आणि लिहिलं, नुसतं बघत होतो मामू.